महिन्याचं पुस्तक आणि एसटीचं तिकीट

ग्रंथपालबाई, नमस्कार.

मी ४३ वर्षांची, मूळची ठाण्याची, गेली १४ वर्षं न्यू जर्सीत. नोकरी, नवरा आणि नववीतली मुलगी. चार वर्षांपूर्वी आमच्या रस्त्यावरच्या सहा अमेरिकन बायकांनी मला त्यांच्या बुक क्लबात घेतलं. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी कुणाच्या तरी घरी जमायचं आणि पुस्तकावर बोलायचं. पुस्तक आम्ही निवडत नाही. रीस विदरस्पून ही नटी दर महिन्याला एक पुस्तक जाहीर करते, तेच आमचं. बोलण्यात मागे पडू नये म्हणून मी हळूहळू टीव्हीवरच्या ओप्रा विन्फ्रीने सांगितलेलं पुस्तकही घ्यायला लागले, आणि सकाळच्या 'टुडे' शोमधल्या जेना बुश हेगरचंही.

आज माझ्या उशाशी ११ पुस्तकं आहेत. सगळ्यांवर या क्लबांचा गोल शिक्का, आणि सगळ्यांतली खूण ६० ते ९० पानांच्या मध्ये. गेल्या दोन वर्षांत शेवटपर्यंत वाचली ती दोनच, 'ऑनर' आणि 'द कव्हनंट ऑफ वॉटर'. माझं लक्षच टिकत नाही आता. मागच्या महिन्यात तर पुस्तक न वाचता, इंटरनेटवर गोष्ट वाचून गेले. 'शेवटी पत्र जाळणारी आई मला फार आवडली,' असं म्हणून बसले. आई त्याच्या शंभर पानं आधीच वारलेली असते. सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि घरी येऊन गाडीतच दहा मिनिटं रडले.

नणंद फोनवर म्हणते, 'नटीने सांगितलेली पुस्तकं वाचतेस होय? मराठी सुटलं ते सुटलं, वर हे.' मुलगी म्हणते, 'आई, तू पुस्तकं वाचत नाहीस, विकत घेतेस.' क्लब सोडू का? की वाचायची काही युक्ती आहे?

– खूण ८० व्या पानावर, न्यू जर्सी

—

अहो, वारलेल्या आईने पत्र जाळलं तिथे मला हसू फुटलं, खोटं कशाला बोलू. गाडीपाशी आले आणि थांबले.

आधी हिशोब करू, कारण मला वाटतं तो तुम्ही कधी केलेला नाही. तीन क्लब, बारा महिने, म्हणजे ३६ पुस्तकं. एक पुस्तक ३५० पानांचं धरा. झाली १२,६०० पानं. रोजची ३५, गणपती-दिवाळी, मुलीची परीक्षा, तुमचा ताप, काही न वगळता. नवं कोरं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक २८ डॉलरला धरलं तर वर्षाचे हजार डॉलर वर. मी ३१ वर्षं ग्रंथालयाच्या टेबलामागे काढली. या वेगाने वाचणारी माणसं तिथे पाहिली ती बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली बहुतेक पेन्शनीत निघालेली. नोकरी आणि नववीतली मुलगी सांभाळून हे जमत नाही म्हणून रडू नका.

आता तुमच्याच पत्रातली एक गोष्ट, जी तुम्ही लिहिलीत आणि तुमच्याच नजरेतून सुटली. 'द कव्हनंट ऑफ वॉटर' सातशे पानांच्या वर आहे. केरळातलं एक कुटुंब, १९०० पासून १९७७ पर्यंत, नावं आणि नाती लक्षात ठेवता ठेवता माणूस दमतो. लक्ष न टिकणारी बाई ते संपवते? 'ऑनर' लिहिणाऱ्या थ्रिटी उमरीगर जन्माने मुंबईकर, आणि त्यांची नायिकाही अमेरिकेतून मुंबईत येते, ती जुना सल उरात घेऊनच. म्हणजे ११ ठिकाणी तुम्ही थांबलात आणि दोन ठिकाणी थांबला नाहीत. तुमच्या मनाला काय धरून ठेवतं ते त्या दोन पुस्तकांत स्पष्ट लिहिलंय. लक्षात बिघाड नाही. आवड आहे, आणि ती तुम्ही तीन अनोळखी बायकांच्या हवाली केलीत.

(नणंदबाईंसाठी नोंद: ही दोन्ही पुस्तकं शिक्क्याचीच. 'ऑनर' २०२२ च्या जानेवारीत रीसने सांगितलेलं, दुसरं २०२३ मध्ये ओप्राने.)

आमच्या ग्रंथालयातली एक गोष्ट सांगते. तालुक्याचं गाव, दोन खोल्या, भिंतीला लागून कपाटं. माझ्या टेबलाच्या डाव्या हाताला परत आलेल्या पुस्तकांचा ढीग असायचा, कपाटात जायच्या वाटेवरचा. कपाटांत हजारोंनी पुस्तकं, पण वाचक आधी त्या ढिगावर तुटून पडायचे. दुसऱ्या कुणीतरी नेलं होतं, एवढी शिफारस पुरे. त्यातही बँकेतल्या एक बाई होत्या. शनिवारी संध्याकाळी पुस्तक बदलायला यायच्या, कडक इस्त्रीची साडी, बोलणं मोजकं. त्यांनी काय परत केलं यावर चार-पाच जणींची नजर असायची. बाई जिना उतरेपर्यंतही पुस्तक ढिगात टिकायचं नाही.

एकदा त्यांनी एक जाडजूड कादंबरी परत केली. पुढच्या पाच महिन्यांत ती नऊ जणींनी नेली, तारखेच्या शिक्क्यांनी मागचा कागद भरला. परत करताना प्रत्येक जण म्हणायची, 'छान आहे हो.' दसऱ्याआधी कपाटं झाडायला काढली तेव्हा ते पुस्तक माझ्या हातात आलं. ३८ आणि ३९ व्या पानांच्या मध्ये एसटीचं तिकीट, बाईंच्या माहेरगावचं. आणि ८१ व्या पानापासून सोळा पानांचा एक अख्खा फर्मा वरून कापायचाच राहिलेला. जुन्या छपाईत व्हायचं असं. पट्टी घालून फाडल्याशिवाय ती सोळा पानं उघडणारच नव्हती. म्हणजे बाई ३८ वर थांबल्या, आणि नंतरच्या नऊ जणींपैकी एकही ८० व्या पानापुढे गेली नाही. मी लाकडी पट्टी घेतली, पानं फाडली, पुस्तक कपाटात लावलं. तिकीट आतच ठेवलं. कुणाला बोलले नाही, आज पहिल्यांदा लिहितेय.

तुमच्या त्या गुरुवारच्या सहा जणींपैकी किती जणी ८० व्या पानापुढे जातात, मला खरंच जाणून घ्यायला आवडेल.

ओप्राचं सांगते. तिने तिच्या कार्यक्रमात पहिलं पुस्तक जाहीर केलं ते १९९६ च्या सप्टेंबरात. दुसरंच पुस्तक टोनी मॉरिसन यांचं, १९७७ सालचं. मॉरिसन यांना १९९३ मध्ये नोबेल मिळालेलं होतं, तरी दुपारी टीव्ही लावून कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायकांच्या हातात त्या पोचल्या ते ओप्रामुळे. पुढे तिने त्यांची आणखी तीन पुस्तकं सांगितली. २००१ च्या अखेरीस तिने रोहिंटन मिस्त्रींची 'अ फाइन बॅलन्स' उचलली, सहा वर्षं जुनी कादंबरी. शहराचं नाव न घेता लिहिलेली मुंबई, आणीबाणी, एक पारशी विधवा आणि तिच्याकडे शिवायला येणारे दोन शिंपी. हे तिने अमेरिकेला वाचायला लावलं. एरवी कुणाच्या बापाला ते जमलं असतं? या बाईबद्दल मला आदर आहे, हे नणंदबाईंना सांगा.

पण पुढचं ऐका. २००२ मध्ये तिने क्लब थांबवला. कारण असं सांगितलं, की दर महिन्याला मनापासून सांगावंसं वाटेल असं पुस्तक सापडणं अवघड होत चाललंय. तिच्याकडे पुस्तकं पाठवायला अख्खा प्रकाशन व्यवसाय रांगेत उभा, आणि तिलासुद्धा महिन्याचं गणित झेपेना. २००३ मध्ये ती परत आली ती जुन्या कादंबऱ्या घेऊन, आणि २००४ या अख्ख्या वर्षात तिने चार पुस्तकं सांगितली. चार! त्यातलं एक टॉलस्टॉयचं 'अ‍ॅना कॅरेनिना'. ते जाहीर करताना तिने कबूल केलं, की हे मी स्वतः अजून वाचलेलं नाही, भीती वाटायची म्हणून राहून गेलं, आता आपण मिळून वाचू. टीव्हीवर, लाखो लोकांसमोर. आणि तुम्ही सहा शेजारणींसमोर वारलेल्या आईला जिवंत करत बसलात.

ती चुकलीसुद्धा. २००५ मध्ये तिने जेम्स फ्रे नावाच्या लेखकाचं व्यसनमुक्तीचं आत्मकथन सांगितलं. २००६ च्या जानेवारीत उघड झालं की त्यातल्या बऱ्याच गोष्टी रचलेल्या आहेत. आधी तिने दुसऱ्याच्या कार्यक्रमात फोन करून त्याची बाजू घेतली, मग पंधरा दिवसांत त्याला स्वतःच्या कार्यक्रमात बोलावून सगळ्यांसमोर झापलं. शिक्का म्हणजे आयएसआय मार्क नव्हे, एवढंच त्यातून घ्या.

रीसचं गणित निराळं आहे. तिचा क्लब २०१७ च्या जूनपासूनचा. मध्यभागी बाई असलेली गोष्ट, ही तिची अट. पण तिने काढलेली चित्रनिर्मितीची कंपनीही आहे, आणि त्याच घरातून क्लब चालतो. 'व्हेअर द क्रॉडॅड्स सिंग' तिने २०१८ मध्ये क्लबात सांगितलं आणि २०२२ मध्ये त्याच कंपनीने त्यावर सिनेमा काढला. त्यात लबाडी काही नाही, सगळं उघड आहे. पण ती पुस्तक वाचताना पडदाही बघत असणार, नाही का? घटना भराभर, एखादं गुपित, प्रकरणाच्या शेवटी दाराची घंटा. कुणाला ते हवंच असतं, विशेषतः विमानात. तुम्ही ज्या दोन पुस्तकांत रमलात त्यांतलं एक अगदी संथ, तीन पिढ्यांचं. तिच्या यादीतलं 'ऑनर' तुम्हाला चालतं आणि बाकीची ८० व्या पानावर थांबतात, यात मला तरी नवल वाटत नाही. जेना २०१९ पासून सांगते, तिला सकाळच्या कार्यक्रमात तीन-चार मिनिटांत उत्साहाने बोलता येईल असं पुस्तक लागतं. दुआ लीपा ही गायिका २०२३ पासून सांगते, तिच्या निवडी मला सगळ्यांत धीट वाटतात, पण तुमच्या यादीत चौथं नाव घालण्याचं पाप मी करणार नाही.

हा धंदा जुना आहे. 'बुक ऑफ द मंथ क्लब' अमेरिकेत १९२६ मध्ये निघाला, पोस्टाने पुस्तक घरी. त्यात पुढे अशी रीत पडली की या महिन्याचं नको असेल तर 'नको' असं कळवायचं. नाही कळवलंत तर पुस्तक दारात. तुमचं तेच चाललंय, फक्त 'नको' कुणाला कळवायचं ते तुम्हाला ठाऊक नाही.

तर करायचं काय.

एक, विकत घेणं आजपासून बंद. तुमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात नाव लावा. महिन्याच्या पुस्तकाला तिथे मोठी रांग असते, ग्रंथालयाची पुस्तकं फोनवर देणाऱ्या लिबी अ‍ॅपवरही. असू दे. रांग ही तुमच्या कामाची गोष्ट आहे. जानेवारीचं पुस्तक एप्रिलमध्ये हाती येईल, तोवर गाजावाजा ओसरलेला असेल. तेव्हाही घ्यावंसं वाटलं तर ते तुमचं. नाही वाटलं तर रांगेतून नाव काढायला एक बटण पुरतं. आणि या पुस्तकांच्या इतक्या प्रती ग्रंथालयांना घ्याव्या लागतात की वर्षभराने त्याच फडताळात धूळ खातात. कुठल्याही ग्रंथपालाला विचारा, हळू आवाजात सांगेल.

उशाशी असलेल्या ११ पुस्तकांसाठी सिअ‍ॅटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम वापरा. पन्नास पानं वाचायची, नाही धरलं तर सोडायचं. वय पन्नाशीच्या वर गेलं की शंभरातून वय वजा करायचं, उरतील तेवढीच पानं द्यायची. मी ६७ ची, म्हणजे माझ्याकडून पुस्तकाला ३३ पानं मिळतात. तुमची पन्नास. तुम्ही तर ६० ते ९० देऊन बसलात, त्या ११ लेखकांचं कुठलंही देणं तुमच्याकडे राहिलेलं नाही. एकदा खुणा काढा आणि ग्रंथालयाच्या देणगीपेटीत टाकून या. एखादं टाकताना हात अडखळला तर ते ठेवा. बहुतेक एक-दोन उरतील.

क्लब मात्र सोडू नका. चार वर्षं परक्या देशात त्याच रस्त्यावरच्या सहा जणी महिन्याला तुम्हाला घरी बोलावतात, खायला घालतात, तुमचं मत विचारतात. माझ्या माहितीतल्या किती बायकांना पुण्यात राहून हे मिळत नाही. तुम्ही पुस्तकासाठी जात नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. मग पुढच्या गुरुवारी दारातच सांगा, 'मी ७२ व्या पानावर थांबले, का ते सांगते.' का थांबलात हे नीट सांगणं हीसुद्धा पुस्तकावरची चर्चाच असते, आणि बहुधा त्या संध्याकाळची सगळ्यांत चांगली. आणखी दोघी तरी श्वास सोडतील.

मग एक महिना मागून घ्या. म्हणा, 'वर्षातून एकदा पुस्तक मी सांगणार, रीस नाही.' काय सांगायचं? ओप्राने २०२० मध्ये इझाबेल विल्करसन यांचं 'कास्ट' सांगितलं होतं, अमेरिकेतला वर्णभेद आणि आपली जातव्यवस्था शेजारी ठेवून लिहिलेलं. बाबासाहेब आंबेडकर त्यात आहेत. तुमच्या सहा जणींपैकी कुणी ना कुणी ते वाचलं असेल, निदान ८० पानं. त्यांना म्हणा, आता त्या व्यवस्थेत जन्मलेल्या बाईनेच लिहिलेलं वाचू. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' माया पंडित यांनी इंग्रजीत आणलंय, 'द प्रिझन्स वी ब्रोक' नावाने. पुस्तक बारीक आहे, जाडीचा बहाणा कुणाला करता येणार नाही. आणि तुम्ही ते मराठीत वाचा. फलटणच्या आसपासची ती बोली इंग्रजीत कशी आली आणि काय आलं नाही, हे त्या खोलीत फक्त तुम्हालाच सांगता येईल. त्या दिवशी इंटरनेटवर गोष्ट वाचून जायची वेळ येणार नाही.

मराठी सुटल्याचं जे नणंद म्हणतात, त्याला तेवढं औषध पुरे. शिवाय यंदा कुणी भारतातून येणार असेल तर दोन दिवाळी अंक मागवा. दोनच. अंकाचं बरं असतं, कुठूनही उघडा, कुठेही मिटा, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलास का असं कुणी विचारत नाही.

मुलीचं उत्तर तुम्हाला द्यावं लागणार नाही. ती देणगीची पुस्तकं उचलायला तिला बरोबर न्या.

राहिल्या नणंदबाई. 'नटीने सांगितलेली पुस्तकं' हा टोमणा अमेरिकेतही जुना आहे. २००१ मध्ये जोनाथन फ्रान्झन या लेखकाने ओप्राचा शिक्का आपल्या कादंबरीवर नको म्हणून नाक मुरडलं होतं, तिने आमंत्रण मागे घेतलं. २०१० मध्ये तिने त्याची पुढची कादंबरी निवडली, तेव्हा तो मुकाट तिच्या कार्यक्रमात जाऊन बसला. पुढच्या वेळी फोन आला की वाद घालू नका. एवढंच विचारा, 'वन्सं, तुमच्या हातात सध्या कुठलं पुस्तक आहे? आणि कितव्या पानावर?'